खडकावरची निळी होडी

६ सप्टेंबर

वन्सं,

तुम्ही परत गेल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणते आणि रोज उद्यावर ढकलते. फोन केला असता, पण तुमच्या कानांचं माहीत आहे. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला फोनवर रडणं ऐकवायचं म्हणजे दोघींची फजिती.

मी कामावर जायला लागले आहे. हॉस्पिटलच्या धुलाईखात्याला कुणाच्या घरी काय झालं याचं काही नसतं, चादरी रोज मळतात. काळजी मिठूची आहे. तुम्ही होतात तेव्हा ती रडत तरी होती. आता तोंडाला कुलूप. मिठू हे नाव ह्यांनीच ठेवलं होतं, कारण डोळे उघडले की हिची टकळी सुरू. सोळा वर्षं मी "जरा गप्प बस गं" म्हणत आले, आणि आता ती गप्प बसलीय तर मला घरात थांबवत नाही.

कॉलेजला जाणं बंद. दिवसभर बोळातल्या कपाटासमोर बसून असते, ह्यांच्या जुन्या खेळांच्या. तुम्ही पाहिलंय ना ते? चष्म्याच्या दुकानातून सुटले की भंगारवाल्याकडे चक्कर मारायची, कुणाचा तरी फाटका पट आणि निम्म्या सोंगट्या आणायच्या, आणि रात्रभर डिंक घेऊन बसायचं. बापलेक दोघंही त्यातलेच. मी कधी खेळले नाही. संध्याकाळच्या पाळीहून आल्यावर अंगात जीव नसायचा.

शेजारीण म्हणाली, डोळ्यांसमोरून हलव सगळं, पोरगी सावरेल. मलाही पटलं. शाळेच्या वाचनालयाला द्यायचे म्हणून एकेक खोका बाहेर काढला. बऱ्याच खोक्यांत फासाच नव्हता. मुलांना अर्धवट खेळ कसा द्यायचा, म्हणून नव्या फाशांचं पाकीट आणलं आणि जिथे नव्हता तिथे टाकत गेले. जेवणाच्या टेबलावर आगगाडीचा खेळ अजून तसाच मांडलेला आहे. ते गेले त्या सकाळी दोघं खेळत होते, दुकानाला उशीर होतो म्हणून अर्ध्यावर उठले. त्यातही फासा नव्हता. मी एक ठेवला. वन्सं, मिठू अशी किंचाळली की खालचे लोक वर आले. तो फासा भिंतीवर फेकला आणि परत गप्प. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

कपाटात सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लाकडी खेळ निघाला. पुस्तकासारखा उघडतो, आत समुद्र रंगवलाय, टोकाला दीपगृह, आणि भोकांत खोचलेल्या दोन पत्र्याच्या होड्या, लाल आणि निळी. निळीची डोलकाठी मोडली म्हणून आगकाडी चिकटवलीय. झाकणाच्या आत तुम्हा दोघांची नावं कोरली आहेत. हा मी कधीच पाहिला नव्हता. तुम्हाला हवा असेल तर पाठवते.

आणि मिठूचं काय करू ते सांगा. मला खरंच काही सुचत नाही.

तुमची वहिनी

१२ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि खुर्चीत बसले ती चहा गार होईपर्यंत. दीपगृह अजून आहे! मला वाटलं होतं, आई गेल्यावर घर बदललं तेव्हा ते गेलं भंगारात. दादाने ते जपून ठेवलंय हे मला माहीतच नव्हतं. तो नंतर कधी त्याबद्दल बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

निळी होडी माझी. ती ज्या भोकात आहे त्याच्याजवळ काळा त्रिकोण असेल बघा. तो खडक. तिथे अडकलं की सहा पडल्याशिवाय सुटका नाही. मी गिरणीच्या नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा आम्ही ठरवलं, खेळ संपवायचा नाही. मी घरी येईन तेव्हा एकेकदा फासा टाकायचा, बस. म्हणजे यायला निमित्त राहतं. बरीच वर्षं चाललं ते. सहा कधी पडले नाहीत. दादा म्हणायचा, तू मुद्दाम पाडत नाहीस, माहेर सुटेल म्हणून.

खेळ पाठवू नका. होड्या हलवू नका, एवढंच करा. फासा शोधत बसू नका, तो माझ्याकडे आहे.

मिठूची फार धास्ती घेऊ नका. बाप गेलाय तिचा. माझा बाप गेला तेव्हा मीही दाराआड बसून होते. चार दिवस रागावेल, मग आपोआप बोलेल. तिला बोलवायला जाऊ नका. ती बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही, आमचं दोघींचं छान जमेल, असं तिला सांगा.

आत्या म्हणून तिला माझा हात डोक्यावरून.

१८ सप्टेंबर

वन्सं,

तुमचा निरोप मी तिला वाचून दाखवला. तिने मान वर केली नाही.

चार दिवस म्हणालात. ते कधीच उलटले. एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती, कारण लिहिली की खरी होईल असं वाटत होतं. मिठू उजवी मूठ उघडत नाही. आधी माझ्या लक्षात आलं नाही. डाव्या हाताने जेवते, जेवते म्हणजे दोन घास चिवडते. डाव्या हाताने दार उघडते. झोपेत हात उशीखाली. मी विचारलं, दुखतंय का? तर मूठ पाठीमागे नेली.

तुम्हाला माझं काम माहीत नाही. आमच्याकडे कपडे पाण्यात टाकायच्या आधी खिसे तपासतात. मी तेच करते. पेशंटच्या गाऊनच्या खिशात काय काय सापडतं! बोळा केलेले रुमाल, फोटो, आणि गोळ्या. नर्ससमोर तोंडात घातलेल्या आणि गिळल्या नाहीत अशा. कुणी कशासाठी साठवल्या ते आम्हाला नंतर कळतं. मी त्या डबीत घालून नर्सच्या हातात देते आणि तो गाऊन भिजत टाकते, त्यापलीकडे आमचं काम नाही. आता माझ्याच घरात एक मूठ आहे आणि ती मला तपासता येत नाही.

ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या फडताळात होत्या. पट्टी मला कमी वाटते. किती होत्या ते आठवत नाही. मी रात्री उठून तिचा श्वास बघते. कामावर असते तेव्हा शेजारीण दर तासाला डोकावते. डॉक्टर म्हणतात, खात नसेल तर भरती करा, वेगळा विभाग असतो. मी त्या विभागाच्या चादरी धुते, वन्सं. त्या चादरींना बांधायच्या पट्ट्या असतात.

रविवारी शेजारीण आणि तिचा नवरा येणार आहेत. तिघं मिळून मूठ उघडू. दुसरा इलाज दिसत नाही. तुम्ही रागवा, पण मला माझी पोरगी जिवंत हवी आहे.

वहिनी

२१ सप्टेंबर, अति तातडीचं

वहिनी,

मूठ उघडू नका. खालच्या मजल्यावरच्यांना तुमचा फोन लावायला सांगितला, लागलाच नाही, म्हणून पोस्टात जाऊन जादा तिकिटं लावून हे पाठवते आहे, रविवारच्या आत पोचू दे एवढंच म्हणते.

तिच्या मुठीत गोळी नाही. फासा आहे. आगगाडीच्या खेळातला. मी मूर्ख, तुमचं पहिलं पत्र वाचूनही मला कळलं नाही. माझ्या डोक्यात माझीच होडी होती.

हा आमच्या घरचा नियम आहे, लहानपणापासूनचा. खेळ अर्ध्यावर सोडायचा असेल तर पट उचलायचा नाही, आणि ज्याचं दान बाकी आहे त्याने फासा स्वतःजवळ ठेवायचा. म्हणजे दुसऱ्याला लबाडी करता येत नाही, आणि फासा जवळ असला की परत येणं भाग पडतं. फासा जोवर कुणाच्या तरी जवळ आहे तोवर खेळ संपलेला नसतो. दादाने हेच मिठूला शिकवलं असणार. त्या सकाळी दान तिचं होतं. संध्याकाळी दुकानातून आलो की टाक, असं म्हणून तो गेला असेल.

म्हणून ती किंचाळली. तुम्ही पटावर दुसरा फासा ठेवलात, म्हणजे तिच्या लेखी खेळ संपला.

आणि दान टाकायचं ते समोरच्याच्या डोळ्यांदेखत. रिकाम्या खुर्चीसमोर टाकायचं नाही. मग बिचारीने करायचं काय? टाकता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

मला हे कसं माहीत ते सांगते. मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पर्समध्ये दीपगृहाचा फासा होता. दरवेळी येताना घ्यायचा, या सवयीने घेतला. बाहेरच्या खोलीत दादाला ठेवलं होतं. मी पर्स पोटाशी धरून बसले. तसाच परत आणला. वहिनी, मी म्हातारी बाई, आणि मला तो कपाटात टाकवत नाही. ती तर सोळा वर्षांची आहे.

तिला एवढंच सांगा, "मला माहीत आहे तुझ्या हातात काय आहे."

तुमची वन्सं

२३ सप्टेंबर

वन्सं,

गोळी नव्हती. हे आधी लिहिते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. माझा पडला नाही.

तिघांनी धरलं तिला. मी मनगट पिरगळलं, मीच, कारण दुसऱ्या कुणी पिरगळलेलं मला बघवलं नसतं. एकेक बोट उघडलं. आत घामाने पांढरी पडलेली कातडी आणि एक फासा. प्लास्टिकचा, लाल. कोपरे रुतून तळहाताला खळगे पडले होते.

एवढ्यासाठी मी कितीतरी रात्री जागले? माझं डोकंच फिरलं. आनंद व्हायला हवा होता, पण असा संताप आला की काय सांगू. तो मेलेला खेळ, ते कपाट, ते भंगार, ह्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळ ज्याला दिला ते सगळं! मी फासा घेतला आणि खिडकीतून रस्त्यावर भिरकावला.

मिठू ओरडली नाही. तिने आपला रिकामा हात बघितला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तेव्हापासून पाणीसुद्धा घेत नाही, घेतलंच तर चमच्याने ओठ ओले करते. डॉक्टरांनी ५ तारीख दिली आहे. म्हणाले, तोवर घरी सलाइन लावू, आणि खायला लागली नाही तर भरती.

मनगटाला सूज आहे. मी शेकते. ती हात ओढून घेत नाही, तो तिचा नाहीच असा पडू देते.

वहिनी

२६ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं तातडीचं पत्र काल आलं. रविवारी नाही, काल.

चपला न घालता खाली गेले. फासा पडला तिथे सायकल दुरुस्तीवाल्याचं दुकान आहे. रस्ता झाडून झालेला. कडेला गटार, वरची जाळी तुटलेली. मी गुडघ्यांवर बसून हात घातला. सायकलवाला धावत आला, काय हरवलं म्हणाला. फासा, म्हटलं. त्याला वाटलं अंगठी वगैरे असेल, बाईला सांगायची लाज वाटतेय. बिचाऱ्याने दोरीला बांधून लोहचुंबक आणलं. मी म्हटलं, अहो, प्लास्टिकचा आहे. तरी तो चुंबक सोडत राहिला. खिळे निघाले, झाकणं निघाली.

मग मागे कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. मिठू. सलाइनची सुई पट्टीखाली तशीच. जिन्यावरून एकटी उतरली होती. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं. आत्याने आत्ता कळवलं. मला खरंच माहीत नव्हतं." ती माझ्या शेजारी बसली आणि सुजलेला हात गटारात घातला.

अंधार पडेपर्यंत शोधलं आम्ही. नाही मिळाला. सायकलवाल्याने दिवा धरला होता, शेवटी तोही म्हणाला, ताई, वाहून गेला असणार. मिठूने माझ्याकडे एकदा बघितलं. तिच्या बापाला मी दुसऱ्यांदा नेलं, असं ते बघणं होतं. मग वर जाऊन परत भिंतीकडे तोंड.

पाकिटातला तसाच लाल फासा तिच्या हातात ठेवून पाहिला. तिने बोटं मिटलीच नाहीत. तो घरंगळून खाली पडला.

आता तुम्हीच सांगा. तुमच्या घरच्या नियमात यावर काही आहे का? फासा हरवला तर काय करतात? वन्सं, मी हात जोडते, काहीतरी असू द्या.

वहिनी

२९ सप्टेंबर

वहिनी,

आहे. एकदाच वापरला तो नियम, मी नऊ-दहा वर्षांची असताना. माझा फासा विहिरीत पडला तेव्हा दादाने त्याच्या दुसऱ्या खेळातला मला दिला. फासा हरवला तर दुसऱ्या चालू खेळातला, ज्याचं दान बाकी आहे अशा माणसाने आपणहून दिलेला चालतो. विकतचा चालत नाही. पण देणाऱ्याचं दान जातं. त्याचा खेळ तिथेच संपतो.

सोबतच्या डबीत कापसात माझा फासा आहे. हाडाचा आहे, जुना. एकाच्या बाजूचा ठिपका पुसला गेलाय, कोरी बाजू म्हणजे एक. मिठूला द्या. निळी होडी खडकावरच राहू दे. दादा समोर नसताना मला सहा पडून तरी कुठे जायचंय?

हे लिहिलं आणि रडले. आमच्या खालच्या मजल्यावर बहुतेक सगळ्यांना ऐकू गेलं असेल, मला माझा आवाज कळत नाही.

आता समोर कोण बसणार? तुम्ही. दादाच्या खुर्चीत. तुम्हाला खेळता येत नाही, ते फार बरं आहे. तिला शिकवावं लागेल, आणि शिकवायचं तर माणसाला बोलावं लागतं. माहीत असल्याचं नाटक करू नका, आणि मुद्दाम चुकूही नका. ती दादाची मुलगी आहे, लगेच ओळखेल.

मी १० तारखेला पोचते, त्याआधी गाडीत जागा मिळाली नाही. पण तुमची ५ तारीख माझ्या आधी येते. म्हणून फासा पुढे पाठवते. उपयोग होईलच असं नाही. माझ्याजवळ दुसरं काही नाही.

वन्सं

६ ऑक्टोबर

वन्सं,

डबी २ तारखेला आली. मी मिठूच्या उशाशी बसून तुमचं पत्र पूर्ण वाचलं, "दादाने मला दिला" तेही, विहीरसुद्धा. मग फासा तिच्या तळहातावर ठेवला. बोटं मिटली नाहीत, पण तिने तो खाली पडूही दिला नाही. रात्रभर उघड्या हातावर घेऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी काही नाही. चार तारखेलाही नाही. ५ ला सकाळी मी तिची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, दोन गाऊन. गाऊनचे खिसे मी शिवून टाकले. तिथे तसंच सांगतात. ते करताना माझ्या मनात काय आलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

पिशवीची चेन लावली आणि टेबलाशी ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. खेळायला म्हणून नाही. आगगाडीचा पट समोर. हिरवं इंजिन ह्यांचं की पिवळं, तेही मला ठाऊक नव्हतं. मी हिरवं उचललं, नुसतं बघायला, आणि ठेवताना कुठून उचललं तेच विसरले. घाबरले. पुढच्या स्टेशनात ठेवलं, मग मागच्या. परत पुढच्या.

"तिथे नव्हतं, आई."

दारात उभी होती. आवाज असा, गंजलेल्या कडीसारखा. मी मान वर केली नाही, केली असती तर फुटलेच असते. म्हटलं, "मग कुठे होतं? मला नाही येत हे."

"बोगद्यात. बाबा बोगद्यात होते. एक दान थांबायचं असतं."

ती येऊन समोर बसली. इंजिन बोगद्यात ठेवलं. फासा बराच वेळ धरून होती. मला म्हणाली, "तू बघतेयस ना?" मी बघतेय म्हटलं. तिने टाकला. कोरी बाजू वर आली. एक. एवढं सगळं होऊन एक! ती पिवळं इंजिन एक घर पुढे सरकवून टेबलावर डोकं ठेवून रडली. ह्यांना नेलं त्या दिवशी रडली होती तशी, तोंड उघडून. मी नुसती शेजारी उभी. बऱ्याच वेळाने अर्धी वाटी पेज पोटात गेली.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनी एक आठवडा दिलाय, त्यापेक्षा जास्त नाही. त्यांचं बरोबर आहे. ती बरी झाली असं मी लिहीत नाही, वन्सं. आज पुन्हा दिवसभरात चार शब्द बोलली असेल.

पण ते शब्द सांगते, आधी कालचे. काल रडून झाल्यावर तिने फासा माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, दान तुझं. मी म्हटलं, आज नको गं, माझ्यात त्राण नाही. तर म्हणाली, "मग ठेव तुझ्याकडे." तो मी आज कामावर नेला. धुलाईखात्यात शिरताना आम्ही एकमेकींचे खिसे बघतो, मशिनमध्ये काही जायला नको म्हणून. आमच्या मुकादमबाईंच्या हाताला लागला. "हे काय आणलंस? लहान आहेस का?" म्हणाल्या, आणि ट्रेमध्ये टाकायला निघाल्या. मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. सगळ्या बघत राहिल्या.

सकाळी मी निघाले तेव्हा मिठू दाराशी आली होती. "संध्याकाळी ये," एवढंच म्हणाली. ह्यांनीही त्या दिवशी संध्याकाळचंच सांगितलं होतं. घरी येताना मी मोठ्या रस्त्यावर सिग्नल हिरवा होऊनही उभी राहिले, दोनदा. गाड्या पूर्ण थांबेपर्यंत पाय उचलेना. फासा मुठीत होता आणि पोरगी खिडकीत.

१० ला या. निळी होडी आम्ही हलवलेली नाही.

तुमची वहिनी